महापे ते पवई : सॅनसाठी फायबरच्या अंतरांचं नियोजन (प्रकल्प नोंदी)

८ जानेवारी २०२४

आज कामाला सुरुवात. एका सहकारी बँकेचं मुख्य डेटा सेंटर महापे इथे, टीटीसी औद्योगिक वसाहतीत आहे. जवळचं दुसरं केंद्र पवईत उभं राहणार आहे. महापेत लिहिलेला प्रत्येक व्यवहार पवईच्या डिस्कच्या साठ्यात, म्हणजे अ‍ॅरेमध्ये उतरल्यावरच ॲप्लिकेशनला ‘लिहिलं’ असं उत्तर जायचं, म्हणजे सिंक्रोनस रेप्लिकेशन. तिसरं केंद्र हैदराबादला आधीपासून चालू आहे. मुंबई भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते आणि हैदराबाद क्षेत्र २ मध्ये, त्यामुळे ती निवड योग्यच आहे. पण तिथे डेटा मागाहून पोचतो आणि तो तसाच पोचणार. काचेतून जाताना प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. हैदराबाद सरळ रेषेतच ६०० किमीच्या पुढे आहे. नुसतं जाऊन यायला ६ मिलिसेकंदांच्या वर, आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक नोंदीला एवढं थांबणं बँकेच्या मुख्य प्रणालीला परवडणार नाही.

याच कामात दोन्ही केंद्रांमधली सॅन (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं खास नेटवर्क) १६ जीवरून ३२ जीवर (जी म्हणजे सेकंदाला गिगाबिट) न्यायची आहे. म्हणजे अंतरांचे दोन हिशेब आहेत: हॉलच्या आतले मीटर आणि दोन शहरांमधले किलोमीटर.

बैठकीत नकाशावर रेघ ओढून कुणीतरी म्हणालं, महापे ते पवई १२ किमी. रेघ बरोबर आहे, पण ती ठाण्याच्या खाडीवरून जाते. आपली केबल ऐरोलीच्या पुलावरून जाईल नाहीतर वाशीच्या. १२ हा आकडा या प्रकल्पाच्या कुठल्याही कागदावर येऊ नये, असं मी तिथेच सांगितलं. एकदा आकडा तक्त्यात शिरला की पुढे त्यावरूनच एसएफपी (पोर्टात बसणारे, फायबरमध्ये प्रकाश पाठवणारे आणि घेणारे मॉड्यूल) मागवले जातात.

११ जानेवारी

महापेच्या हॉलमध्ये दिवसभर. फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी (सॅनची दोन स्वतंत्र जाळी) यांच्या केबली वेगवेगळ्या ट्रेमधून नेलेल्या आहेत आणि ते उत्तमच आहे. एका ट्रेवर काही पडलं, कुणी चुकीची केबल ओढली, तरी दुसरी वाट शाबूत राहते. पण त्याची किंमत मीटरमध्ये मोजावी लागते. फ्लोअर प्लॅनवर स्टोरेजच्या रॅकपासून सर्व्हरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ३८ मीटर दिसतात. बीची वाट मात्र आपत्कालीन दाराच्या भिंतीने वळसा घालून जाते. रॅकमधून वर चढणं, ट्रेमधली वळणं, पॅनेलमागे ठेवलेली गुंडाळी, परत खाली उतरणं हे सगळं त्यात धरायचं.

अंदाज करत बसायची गरजच नव्हती. ट्रंक केबलच्या, म्हणजे अनेक फायबर एकत्र नेणाऱ्या मुख्य केबलच्या, जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. एका टोकाला ०४१२, दुसऱ्या टोकाला ०४९३. म्हणजे ८१ मीटर. स्टोरेजच्या बाजूला ५ मीटरची पॅच कॉर्ड, सर्व्हरच्या बाजूला १० मीटरची. एकूण ९६.

जॅकेटवरच दुसरी गोष्टही छापलेली होती: ओएम३, म्हणजे मल्टिमोड काचेची एक प्रत. ओएम४ ही तिच्या वरची. अ‍ॅक्वा रंग ओएम३ लाही असतो आणि ओएम४ लाही, म्हणून रंग बघून तक्ता भरू नये. छपाई वाचावी, टॉर्च लावून वाचावी.

आता हिशेब. ८५० नॅनोमीटरच्या शॉर्टवेव्ह एसएफपीने ओएम३ वर ८ जी फायबर चॅनेल (सॅनचा प्रोटोकॉल) १५० मीटर जातं, १६ जी १०० मीटर आणि ३२ जी फक्त ७० मीटर. ओएम४ वर हेच आकडे १९०, १२५ आणि १०० आहेत. १६ जीला ९६ मीटर बसत होते, म्हणून ही वाट इतकी वर्षं बिनतक्रार चालली. केबल तीच, ट्रे तीच, पण वेग दुप्पट केला की तीच वाट २६ मीटरनी लांब ठरते. वेग वाढवताना अंतर नव्याने मोजायचं असतं, हे मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘जुनी केबल चालू आहे ना, मग चालेल’ या एका वाक्यापायी अपग्रेडनंतरच्या सोमवारी लिंक तुटत राहतात, आणि दोष स्विचवर, एचबीएवर (सर्व्हरमधल्या सॅनच्या कार्डावर), ड्रायव्हरवर टाकला जातो.

१२ जानेवारी

उरलेल्या सगळ्या ट्रंक मोजून झाल्या. ए बाजूच्या बहुतेक ७० च्या आत आहेत. बी बाजूच्या निम्म्या बाहेर. पवईचा हॉल नवा आहे, तिथे केबल अजून पडलेलीच नाही. तिथे सुरुवातीपासून हवं ते करता येईल.

१९ जानेवारी

बी वाटेचं काय करायचं यावर केबलिंगच्या कंत्राटदारांशी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, ओएम४ ची तयार एमपीओ ट्रंक (अनेक फायबरना मिळून एकच कनेक्टर असलेली) टाकू, १०० मीटरची मर्यादा आहे, आपले ९६ आहेत, बसतंय. कागदावर बसतं हे खरं. मला ते पटलं नाही, कारण तक्त्यातले मीटर एका अटीवर दिलेले असतात: वाटेतल्या सगळ्या कनेक्टरांत मिळून प्रकाशाचं नुकसान १.५ डीबीच्या (डेसिबलच्या) आत हवं. आपल्या वाटेत दोन कॅसेट (एमपीओतून सुटे एलसी कनेक्टर काढणारे डबे) येतात. प्रत्येक कॅसेटमध्ये एक एमपीओ जोड आणि एक एलसी जोड. साध्या प्रतीच्या मालात एका जोडाला ०.७५ डीबीपर्यंत धरावं लागतं, म्हणजे चार जोडांचे ३ डीबी. काचेचं स्वतःचं नुकसान ९६ मीटरला जेमतेम ०.३ डीबी. इथे मीटरांपेक्षा जोडच महाग पडतात.

कमी नुकसानीच्या कॅसेट घेतल्या तर चार जोड १.४ डीबीपर्यंत येतात. तेही काठावर, आणि कुणी मधे आणखी एक पॅच पॅनेल घातलं की गेलं. ओएम३ ट्रंक तशीच ठेवून फक्त पॅच कॉर्ड ओएम४ च्या लावायच्या, अशीही एक सूचना आली. त्याने काही साधत नाही. वाटेतल्या सगळ्यात कमकुवत काचेचाच नियम पूर्ण वाटेला लागू होतो.

ठरलं असं: लांबच्या रांगांमध्ये एज स्विच (सर्व्हर ज्यांना जोडायचे ते) ठेवायचे. सर्व्हर ते एज स्विच ओएम४, सगळ्या वाटा ३० मीटरच्या आत. एज ते कोअर (मधले मुख्य स्विच) सिंगल मोड (बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची काच), १३१० नॅनोमीटरचे लाँगवेव्ह एसएफपी, ज्यांची मर्यादा १० किमी आहे. सिंगल मोडची केबल महाग नसते, एसएफपी महाग असतात. पण ते मोजकेच लागतील, आणि ही काच ६४ जीला आणि त्यापुढेही चालेल. ६४ जीला मल्टिमोडचं अंतर ३२ जीएवढंच राहिलं आहे, ओएम३ वर ७० आणि ओएम४ वर १००. ते आणखी वाढेल असं धरून केबल टाकू नये.

२ फेब्रुवारी

डार्क फायबर (उपकरणं न लावलेलं नुसतं फायबर) देणाऱ्या कंपनीकडून दोन वाटांचे आराखडे आले. उत्तर वाट: महापे, ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोली, रबाळे, ऐरोली, ऐरोलीचा पूल, मुलुंड, मग पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने विक्रोळी आणि तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई. दक्षिण वाट: महापे, तुर्भे, वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई. कागदावर लांबी २१.५ किमी आणि ३१ किमी.

फॅब्रिक ए पूर्ण उत्तरेने, फॅब्रिक बी पूर्ण दक्षिणेने. एकाच फॅब्रिकचे दोन आयएसएल (स्विच ते स्विच लिंक) दोन वाटांनी न्यायचे नाहीत. १० किमीचा फरक असलेल्या दोन लिंकचा ट्रंक (अनेक लिंक मिळून केलेली एक लिंक) होत नाही. ट्रंकमधल्या केबली काही मीटरांच्या फरकात असाव्या लागतात, कारण फ्रेम (डेटाची पाकिटं) ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पोचायला हव्यात.

१४ फेब्रुवारी

ओटीडीआर (प्रकाशाचा स्पंद पाठवून काचेची लांबी आणि नुकसान मोजणारं यंत्र) लावला. दोन्ही टोकांना १ किमीचं लॉन्च फायबर (मोजणीपुरतं जोडलेलं जास्तीचं फायबर), १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर, दोन्ही दिशांनी. एकाच दिशेने घेतलेलं मोजमाप फसवू शकतं. वेगवेगळ्या ड्रमची काच जोडलेली असेल तर एका बाजूने तो जोड नुकसानीऐवजी फायदा दाखवतो. दोन्ही बाजूंची सरासरी हाच खरा आकडा.

उत्तर वाट २३.८ किमी. दक्षिण वाट ३४.२ किमी.

कागदापेक्षा २.३ आणि ३.२ किमी जास्त. यात कुणाची लबाडी नाही. कागदावर रस्त्याची लांबी आहे. प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची गुंडाळी सोडलेली असते. दोन ठिकाणी केबल आत वळून कंपनीच्या केंद्रात जाते आणि परत रस्त्यावर येते. शिवाय केबलच्या आत काच थोडी पिळून, सैल बसवलेली असते, म्हणून काचेची लांबी केबलच्या लांबीपेक्षा थोडी जास्तच भरते. सॅनला रस्त्याशी देणंघेणं नाही, तिला काचेची लांबी लागते. ओटीडीआरमध्ये अपवर्तनांक १.४६८ च्या आसपास बरोबर घातलाय ना, तेही तपासलं. तो १.४६० ठेवला असता तर दक्षिण वाटेत दोनेकशे मीटरची तफावत आली असती.

उत्तर वाटेचं नुकसान १५५० वर १०.४ डीबी भरलं. माझा हिशेब ९.१ चा होता: काचेचे ५.२ (किमीला ०.२२ धरून), १९ जोडांचे १.९, चार कनेक्टरांचे २. जोड १.३ डीबी कुठेतरी जास्त खात आहेत. आलेखावर ८.१ किमीवर एक पायरी दिसते.

१६ फेब्रुवारी

८.१ किमी म्हणजे ऐरोली, पुलाच्या अलीकडचं चेंबर. तीच पायरी १३१० वर ०.१ डीबीची आणि १५५० वर ०.७ डीबीची आहे. जोड खराब असता तर दोन्हीकडे साधारण सारखंच नुकसान दिसलं असतं. १५५० वर एवढं जास्त दिसतंय याचा अर्थ काच कुठेतरी दुमडली आहे. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर आधी निसटतो.

कंपनीचे स्प्लायसर (फायबर जोडणारे) दादा बरोबर आले. क्लोजर (जोडांचा डबा) उघडून ट्रे वर काढला आणि म्हणाले, “मॅडम, जॉइंट चांगला आहे. लूप बघा, झाकणाखाली दबलाय.” खरंच, झाकण लावताना एक वेढा कडेला अडकून चिमटला होता. त्यांनी तो सोडवला, मोठ्या गोलाईने परत बसवला, आणि वरचा एक जुना जोडही त्यांना पसंत नव्हता म्हणून कापून नव्याने केला. रस्त्याकडेला, ट्रकच्या धुळीत, छत्री आडवी धरून ०.०३ डीबीचा जोड. अशा हातांवर या शहरांमधला सगळा डेटा चालतो आणि कुठल्याच आराखड्यात त्यांचा उल्लेख नसतो, म्हणून इथे करून ठेवते.

परत मोजलं: ९.८ डीबी. हिशेबापेक्षा ०.७ जास्त, पण आता एकही जोड डोळ्यात भरत नाही. स्वीकारलं.

२३ फेब्रुवारी

दोन्ही वाटांच्या पवईकडच्या शेवटच्या टप्प्याची चालत पाहणी केली. ‘पूर्ण वेगळ्या’ वाटा विक्रोळीनंतर एकाच बाजूने येतात आणि शेवटचे सुमारे ४०० मीटर एकाच डक्टमधून इमारतीत शिरतात. त्याच रस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे. एक पोकलेन आणि दोन्ही फॅब्रिक एकदम बंद.

२३.८ आणि ३४.२ किमी वेगळं ठेवून शेवटच्या ४०० मीटरांत एकत्र येणं मला मान्य नाही. दक्षिण वाटेला इमारतीच्या मागच्या बाजूने स्वतंत्र प्रवेश हवा. कंपनी तयार आहे. लांबी साधारण १ ते दीड किमी वाढेल. पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही, म्हणून हे मे संपायच्या आत व्हायला हवं. आजच पत्र दिलं.

पुढच्या सगळ्या हिशेबात दक्षिण वाट ३६ किमी धरायची.

४ मार्च

दोन केंद्रांमध्ये प्रकाश कसा पाठवायचा, यावर आज निर्णय झाला.

थेट एसएफपी: १० किमीचे बाद. २५ किमीचे मिळतात आणि उत्तर वाट २३.८ आहे. कागदावर बसतं, पण उद्या रस्त्याच्या कामासाठी केबल दीड किमीने वळवली की बाहेर. दक्षिण वाटेला ते लागूच होत नाहीत. १३१० वर पांगणं (प्रकाशाचा स्पंद पसरणं) जवळपास शून्य असतं, पण काच किमीला ०.३५ डीबी खाते. ३६ किमीला नुसत्या काचेचेच १२.६ डीबी, आणि लाँगवेव्ह एसएफपीची एकूण ऐपत सहा-साडेसहा डीबीची. १५५० वर नुकसान कमी होतं, पण तिथे प्रकाशाचा स्पंद पसरतो. साध्या सिंगल मोड काचेत नॅनोमीटरमागे दर किमीला सुमारे १७ पिकोसेकंद. वेग दुप्पट झाला की पसरणं सोसायची ताकद चौपटीने घटते. १ जी किंवा २ जीच्या काळात ज्या अंतराची कुणी दखलही घेत नव्हतं, ते ३२ जीला भिंत होऊन उभं राहतं.

म्हणून दोन्ही वाटांवर डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर अनेक तरंगलांबी पाठवणं), कोहेरंट ट्रान्सपाँडरसह (सिग्नल त्या तरंगलांबीवर चढवणारं-उतरवणारं उपकरण). त्यात पांगणं रिसीव्हरमध्येच गणिताने निस्तरलं जातं. एका फायबर जोडीवर सॅनबरोबर बँकेचं नेटवर्कही जाईल, त्यामुळे खर्चाचं समर्थन करणं सोपं गेलं. अट एकच ठेवली: हे उपकरण स्विच बनवणाऱ्यांच्या आणि अ‍ॅरे बनवणाऱ्यांच्या, दोघांच्याही मान्यताप्राप्त यादीत असलं पाहिजे.

ट्रान्सपाँडर स्वतःही वेळ खातो. आमच्या निवडीत प्रत्येकी १० मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिशेला दोघांचे मिळून २०. हे अंतराच्या तक्त्यात ‘४ किमी’ असंच लिहायचं. सॅनच्या दृष्टीने उशीर आणि अंतर एकच.

१२ मार्च

आजचा दिवस बफर क्रेडिटचा. बँकेच्या टीमसाठी सविस्तर लिहिते, कारण नंतर काही बिघडलं तर बहुतेक इथेच बिघडेल.

फायबर चॅनेलमध्ये समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवत नाहीत. समोरचा स्विच सुरुवातीलाच सांगतो, माझ्याकडे इतके बफर आहेत. प्रत्येक फ्रेममागे एक क्रेडिट खर्च होतं आणि तिकडे बफर रिकामा झाला की ‘तयार’ असा निरोप परत येतो, तेव्हा ते क्रेडिट परत मिळतं. दूध संकलन केंद्रावर रिकामे क्रेट परत आल्याशिवाय भरलेले पुढे जात नाहीत, तसंच. वाट लांब असेल तर जास्त क्रेट वाटेतच असतात. ते पुरेसे नसले की फायबर रिकामं पडून राहतं आणि पाठवणारा थांबून राहतो. लिंक हिरवी दिसते, चूक एकही नोंदली जात नाही, फक्त सगळं मंद होतं.

पूर्ण फ्रेम २१४८ बाइटची. ८ जीवर ती काचेत सुमारे ५०० मीटर लांब पसरते, १६ जीवर २५०, ३२ जीवर १२५. निरोप परत यायचाही वेळ धरला की किमीला लागणारी क्रेडिट अनुक्रमे ४, ८ आणि १६ होतात. दक्षिण वाट ३६ अधिक ४, म्हणजे ४० किमी. ३२ जीला ६४० क्रेडिट, १६ जीला ३२०.

पण हे सगळ्या फ्रेम पूर्ण भरलेल्या असतील तर. तशा त्या कधीच नसतात. चालू पोर्टच्या काउंटरमधून एकूण बाइटना एकूण फ्रेमनी भागलं, सरासरी १४०० बाइटच्या आसपास आली. फ्रेम लहान म्हणजे तेवढ्याच किलोमीटरमध्ये जास्त फ्रेम. आकडा दीडपटीहून थोडा वर जातो: ३२ जीला ९८०, १६ जीला ४९०. नुसत्या किलोमीटरवरून क्रेडिट ठरवणारे बरेच आराखडे मी पाहिले आहेत. सरासरी फ्रेम न मोजता दिलेला आकडा अपुराच असतो.

मग वेग किती हवा? बँकेचा लिहिण्याचा कमाल दर सेकंदाला ६४० मेगाबाइट आहे, महिनाअखेरच्या रात्री. जाऊन-येऊन ४०० मायक्रोसेकंदांत त्या दराने वाटेत असलेला डेटा २५६ किलोबाइट, म्हणजे सुमारे १८३ फ्रेम. एका १६ जी लिंकची क्षमता सेकंदाला साधारण १६०० मेगाबाइट. दोन केंद्रांमध्ये ३२ जीची गरजच नाही. हॉलच्या आत ३२ जी, बाहेर प्रत्येक फॅब्रिकला दोन १६ जी आयएसएल, हे ठरलं. दोन्ही लिंक एकाच वाटेने, एकाच लांबीच्या.

प्रत्येक पोर्टला ५२० क्रेडिट. उत्तर वाटेला कमी पुरली असती, तरी तिलाही ५२०. स्विचच्या चिपमध्ये बफरचा साठा असतो आणि तो सगळ्या पोर्टांत वाटला जातो. आपल्या स्विचमध्ये तो मुबलक आहे. जास्तीच्या क्रेडिटने काही बिघडत नाही. १० किमीच्या पुढे क्रेडिट वाढवण्यासाठी लागणारा परवाना खरेदीच्या यादीत घातला.

१८ मार्च

मार्च एंड. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बँकेत कशालाही हात लावायचा नाही. पवईच्या नव्या हॉलमध्ये केबल टाकणं तेवढं चालू.

१५ एप्रिल

महापेत एज ते कोअर सिंगल मोड टाकून झालं. ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपट आणि बसवल्यावर दहापट, यापेक्षा कमी वळण कुठेही ठेवलं नाही. प्लास्टिकचे टाय नकोत, वेल्क्रोच, हे कंत्राटदारांच्या मुलांना आता सांगावं लागत नाही.

प्रत्येक कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली आधी बघितला, मग पुसला, परत बघितला आणि मगच लावला. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा असतो, मल्टिमोडचा ५०. मल्टिमोडमध्ये खपून जाणारा धुळीचा कण इथे सगळी वाट अडवतो. नवीन पाकिटातून काढलेल्या पॅच कॉर्डही पुसल्या. टोपीखालचा कनेक्टर स्वच्छ असतोच असं नाही.

स्विचच्या निदान पोर्टने प्रत्येक आयएसएलची लांबी मोजली. १६ जी आणि पुढच्या एसएफपीवर हे मोजमाप ५ मीटरच्या फरकाने बरोबर येतं. जॅकेटवरच्या आकड्यांशी सगळं जुळलं.

२९ एप्रिल

पवईचा मागचा प्रवेश झाला. दक्षिण वाट परत मोजली: ३५.३ किमी. धरलेल्या ३६ च्या आत. दोन्ही वाटा आता इमारतीच्या दोन बाजूंनी, दोन वेगळ्या खोल्यांमध्ये येतात.

ॲप्लिकेशनच्या टीमला आज उशिराचे आकडे दिले. उत्तर: जाऊन-येऊन २३८ मायक्रोसेकंद काचेचे, ४० ट्रान्सपाँडरचे, एकूण २७८. दक्षिण: ३५३ अधिक ४०, एकूण ३९३. काही अ‍ॅरे एक नोंद पाठवायला दोन फेऱ्या करतात, आधी ‘पाठवू का’ आणि मग डेटा. तसं असतं तर दक्षिणेचे ७८६ झाले असते. आपला अ‍ॅरे एका फेरीत भागवतो, हे अ‍ॅरेच्या अभियंत्यांकडून लेखी घेतलं आणि चाचणीतही बघणार आहे.

त्यांच्याकडून प्रश्न आला, उत्तर वाटेत फायबरचं रीळ टाकून ती दक्षिणेएवढी लांब करायची का, म्हणजे दोन्हीकडे उशीर सारखा राहील. मी नको म्हणाले. रीळ म्हणजे आणखी नुकसान आणि आणखी दोन जोड. शिवाय उत्तर वाट तुटेल त्या दिवशी सगळं दक्षिणेनेच जाणार आहे, म्हणजे ॲप्लिकेशनला ३९३ सोसता यायलाच हवेत. जी वाट लांब, तिच्यावरच सगळं बेतायचं.

११ मे

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. रात्री चाचणी.

दोन्ही वाटा चालू असताना लिहिण्याचा सरासरी वेळ ०.६४ मिलिसेकंद. रेप्लिकेशन बंद असताना तो ०.३ होता. वाढ साधारण एकाच फेरीची आहे, म्हणजे अ‍ॅरेबद्दल लेखी मिळालेलं खरं ठरलं. मग उत्तर वाट काढली. काही सेकंदांत सगळा भार दक्षिणेवर आला, वेळ ०.७२. महिनाअखेरच्या दराएवढा भार कृत्रिमपणे चढवला, तरी ०.७५ च्या पुढे गेला नाही.

माझं लक्ष मात्र क्रेडिट शून्य असण्याच्या काउंटरवर होतं. तो २.५ मायक्रोसेकंदांच्या एककात वाढतो: पाठवायला फ्रेम तयार आहे आणि हातात क्रेडिट नाही, असा प्रत्येक क्षण तो मोजतो. पूर्ण भाराखाली तो हलला नाही. मग मुद्दाम दक्षिणेच्या एका पोर्टची क्रेडिट ५२० वरून ६० केली आणि दुसरा पोर्ट बंद ठेवला. काउंटर धावायला लागला, लिहिण्याचा वेळ कित्येक पटींनी वाढला, आणि लिंकवर एकही चूक नोंदली गेली नाही. बँकेच्या दोन्ही सहकाऱ्यांना हे पडद्यावर दाखवलं. उद्या अशी तक्रार आली तर ही लक्षणं त्यांना ओळखता आली पाहिजेत. परत ५२० केली, काउंटर स्थिर.

१७ मे

सोमवारी, २० तारखेला मुंबईत मतदान आहे. पुढच्या आठवड्यात बदल नाहीत. ३२ जीचे उरलेले सर्व्हर त्यानंतर.

३ जून

हॉलमधलं ३२ जीचं काम पूर्ण झालं. हस्तांतरणाची फाइल बँकेला दिली. प्रत्येक वाटेच्या पानावर काचेची मोजलेली लांबी, काचेचा प्रकार, दोन्ही तरंगलांबींवरचं नुकसान, जोडांची जागा, एका फेरीचा वेळ, दिलेली क्रेडिट आणि सरासरी फ्रेम, ही सगळी माहिती मोजल्याच्या तारखेसह आहे. पॅच पॅनेलवरच्या लेबलांवरही लांबी छापली आहे.

डार्क फायबरच्या करारात एक कलम घालून घेतलं. रस्त्याच्या, पुलाच्या किंवा मेट्रोच्या कामासाठी केबल वळवायची झाली आणि लांबीत ५०० मीटरांहून जास्त फरक पडणार असेल, तर आधी कळवायचं आणि नंतर दोन्ही दिशांनी ओटीडीआर करून द्यायचा. ५२० क्रेडिटमध्ये, सरासरी १४०० बाइटची फ्रेम धरून, एकूण ४२ किमीपर्यंत जागा आहे, ट्रान्सपाँडरचे ४ त्यातच. म्हणजे दक्षिण वाट काचेत ३८ किमीपर्यंत वाढली तरी चालेल. त्यापुढे क्रेडिट नव्याने काढायची. सरासरी फ्रेम दर तिमाहीला बघायची. ती १३०० च्या खाली आली, तर ३८ ची मर्यादाही खाली येईल.

पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी भरतं आणि क्लोजरचं सील कच्चं असेल तर ते जोडांपर्यंत जातं. ऑक्टोबरमध्ये दोन्ही वाटांचा ओटीडीआर परत करायचा आहे. ऐरोलीचं चेंबर आणि पवईच्या मागच्या प्रवेशाचे नवे जोड आधी बघायचे.